इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावर महाकाम नदीकाठी घर घ्यायचं म्हणताय, तर आधी एवढं बघा

विचार छान आहे हो, पण पैसे काढायच्या आधी जमिनीचं समजून घ्या. इंडोनेशियात पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, परदेशी माणसाला मिळतच नाही, 1960 च्या जमीन कायद्यापासून हेच चालू आहे. तुम्हाला मिळेल ते हाक पाकाई, मुदतीचा वापरहक्क, आणि त्यातही परदेशी लोकांसाठी घराची किमान किंमत ठरवून दिलीय, त्यामुळे खेड्यातलं स्वस्त लाकडी घर बहुतेक त्यात बसणारच नाही.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- ओळखीच्या स्थानिकाच्या नावावर जमीन घेणं. एजंट म्हणेल सगळेच करतात, ऐकू नका. कायद्याने असा व्यवहार रद्दच, पैसेही परत मागता येत नाहीत.
- गावप्रमुखाच्या सहीचा कागद म्हणजे सातबारा समजणं. सर्टिफिकेट जमीन कार्यालयाचंच हवं, शिवाय दायाक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, गावांत बरीच जमीन समाजाची असते.
- नुसांतारा हे नवं शहर देशाची राजधानी होतेय म्हणून भाव वाढतील ही आशा. ते शहर समुद्राकडे, महाकामचा वरचा भाग शेकडो किलोमीटर आत.

राहण्याचं म्हणाल तर आधी भाड्याने राहा, पावसाळा आणि कोरडा दोन्ही बघून घ्या. समारिंदा शहराहून नदीच्या वरच्या भागातल्या लाँग बागुनकडे बोट जाते पण पाणी उतरलं की ती तिथवर न पोचता मधेच थांबते, मग सामान, औषधं सगळंच अडकतं आणि महाग होतं. पूर आला की घरं खांबांवर का असतात ते कळतंच. भाषा थोडी शिकून जा, इंग्रजीवर भागत नाही. व्हिसाचं नंतर बोलू.