धुरावरचे मटण सगळीकडून सारखे शिजावे म्हणून

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये राहतो. तिकडे ब्रिस्केट नावाचा मांसाचा मोठा तुकडा दहा-बारा तास धुरावर शिजवतात. तो मी तेथे खाल्ला आणि परत आल्यावर शेतावर बोकडाच्या मांडीवर तसाच प्रयोग सुरू केला. लोखंडी ड्रम उभा चिरून आडवा ठेवला आहे. त्यात निखारे पसरतो, वर जाळी ठेवून झाकण लावतो. दर पंधरा मिनिटांनी तुकडा उलटतो, तरी खालची बाजू करपते, टोके वाळून कडक होतात आणि हाडाजवळचे मटण कच्चे राहते. धुराची चवही कडवट लागते. काय चुकते आहे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण तुकडा उलटत राहून जे साधू पाहता, ते विस्तवाची जागा बदलल्याशिवाय साधणार नाही. निखारे मटणाच्या थेट खाली असतील, तर ते भाजणे झाले. ब्रिस्केटची रीत वेगळी आहे. तेथे विस्तव एका बाजूला असतो आणि मटणापर्यंत पोहोचते ती फक्त गरम हवा व धूर.

ही रीत का निर्माण झाली, हे लक्षात घेतले की पुढचे सोपे जाते. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा स्नायू. गुरांना गळपट्टीचे हाड नसते, त्यामुळे शरीराच्या पुढच्या भागाचा भार हे स्नायूच पेलतात आणि म्हणून ते अतिशय चिवट असतात. त्यातील चिवटपणा ज्या कोलॅजेनमुळे येतो, ते साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागते, पण त्याला तास लागतात. आच जास्त ठेवली तर बाहेरचे मांस त्याआधीच वाळते. म्हणून तिकडे भट्टी 110 ते 120 अंशांवर ठेवतात आणि आतले तापमान 93-95 अंशांपर्यंत गेल्यावरच तुकडा उतरवतात.

आपल्याकडे ब्रिस्केटच करून पाहण्याचा प्रश्न येत नाही, कारण राज्यात गोवंश हत्याबंदी मार्च 2015 पासून लागू आहे. बोकडाचे मटण घेण्याचा आपला मार्ग योग्यच आहे. मात्र मांडीऐवजी खांदा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. बोकडालाही गळपट्टीचे हाड नसते, त्याचा खांदा स्नायूंनीच धडाला जोडलेला असतो आणि त्यात कोलॅजेन भरपूर असते. मांडीत चरबी कमी, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. छातीचा भाग, म्हणजे खाटिक ज्याला सीना म्हणतो तो, नावाने ब्रिस्केटच्या सर्वांत जवळचा असला तरी बोकडात इतका पातळ असतो की तासन्‌तास धुरावर ठेवल्यास त्याचे वाळवण होईल. दीड-दोन किलोंचा अखंड खांदा मागा आणि त्याला काप देऊ नका. काप दिले की मसाला आत जातो खरा, पण प्रत्येक कापाची कड वेगळ्या वेगाने शिजते आणि आतला रसही तेथूनच वाहून जातो.

आता ड्रमची मांडणी. ड्रमच्या एका टोकाला, लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, कोळसा ठेवा. त्याच्या आणि मटणाच्या मध्ये कोरड्या भाजक्या विटांचा एक बांध घाला, म्हणजे निखाऱ्यांची थेट धग मटणावर येणार नाही. दुसऱ्या टोकाला मटणाच्या खाली पाण्याने अर्धी भरलेली पसरट परात ठेवा; पाणी आचेचे चढउतार सावरून धरते आणि हवा ओलसर ठेवते. हवा आत येण्याचे भोक कोळशाच्या टोकाला खाली हवे आणि धूर बाहेर जाण्याचे भोक मटणाच्या टोकाला हवे. ते कोळशाच्या वरच असेल तर धूर व धग तेथूनच निघून जातात आणि मटण केवळ कोमट हवेत पडून राहते. हाडाजवळ मटण कच्चे राहण्याचे मुख्य कारण मात्र आपली घाई हेच दिसते. बाहेरून करपण्याच्या आचेवर आतपर्यंत उष्णता पोहोचायला वेळच मिळत नाही.

सगळा कोळसा एकदम पेटवू नका. न पेटलेल्या कोळशांचा ढीग रचून त्याच्या एका कडेला सात-आठ पेटलेले निखारे ठेवा, म्हणजे आग सावकाश पुढे सरकेल. खांद्याचा जाड भाग विस्तवाकडे आणि नळीकडचे बारीक टोक त्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. लोंबणारा पातळ पडदा असेल तर तो आत दुमडून सुतळीने बांधावा. तुकडा जितका सारख्या जाडीचा, तितका तो सारखा शिजतो. मग झाकण लावले की दोन-अडीच तास उघडू नका. झाकण उघडले की उष्णता निघून जाते आणि वाऱ्याने निखारे भडकतात. मध्यावर एकदाच उघडून तुकडा जागच्या जागी वळवावा. उलटण्याची गरज नाही.

झाकणावरच्या काट्यावर विसंबू नये, कारण गरम हवा वर चढते आणि काटा जाळीपेक्षा वेगळे तापमान दाखवतो. ओव्हनमध्ये ठेवण्याचा साधा तापमापक जाळीवरच ठेवा, प्रथम मटणाच्या विस्तवाकडील कडेला आणि मग दुसऱ्या कडेला. दोहोंत फार फरक असेल तर विटांचा बांध थोडा उंच करा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी झळा सुटतात. उघड्या शेतात ड्रमचे हवेचे तोंड वाऱ्याकडे असेल तर आच हाताबाहेर जाते. तोंड वाऱ्याच्या आड ठेवा किंवा पहाटेच भट्टी लावा.

कडवटपणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खानदेशात त्याचे एक खास कारण संभवते. आपले भरिताचे वांगे कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजले जाते आणि ते काम काड्यांनीच करावे, कारण भराभर भडकणारी ज्वाळा वांग्याची साल काही मिनिटांत जाळते व साल काढून टाकली जाते. मटणाला साल नाही. जे वर बसेल ते खावेच लागते. शिवाय कपाशीवर कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. तेव्हा या कामाला त्या काड्या नकोत. पेरू, बोर किंवा आंब्याचे, निदान काही महिने वाळलेले मुठीएवढे तीन-चार तुकडे निखाऱ्यांवर ठेवा. कडुनिंब, निलगिरी, प्लायवुड, रंगवलेले लाकूड वर्ज्य. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर कडू असतो. धूर विरळ, निळसर दिसला पाहिजे. मटणाचा पृष्ठभाग थंड व ओलसर असतानाच धूर चांगला धरतो, म्हणून पहिल्या दोन-तीन तासांनंतर लाकूड घालू नका.

आपण काळा मसाला लावत असल्यास तोही थांबवा. त्यातले भाजलेले खोबरे व मिरची इतक्या वेळात जळते. आदल्या रात्री किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ आणि जाडसर मिरी चोळून खांदा फ्रिजमध्ये ठेवा. काळा मसाला सोबतच्या रश्श्यात घालावा, तेथे तो शोभतो.

आतले तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान तास-दोन तास अडून बसेल. पृष्ठभागावरून बाष्प निघताना तो थंड होत राहतो, म्हणून असे होते. कोळसा वाढवू नका. वरचा थर गडद तपकिरी झाला असेल तर चमचाभर तूप लावून खांदा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि पुन्हा ठेवा. एकूण पाच-सहा तास धरून चाला, पण घड्याळापेक्षा सळईवर विश्वास ठेवा. बारीक सळई सर्वांत जाड भागात, हाडाच्या बाजूने, घातली असता लोण्यात शिरावी तशी शिरली की झाले. मग गुंडाळलेल्या अवस्थेतच पाऊण तास राहू द्या.

आपला ड्रम पूर्वी कशाचा होता, हे आपण लिहिलेले नाही. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा असेल तर तो कितीही जाळला तरी वापरू नका. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको. आणि पाऊस आला म्हणून पेटती भट्टी खोलीत घेऊ नका, कारण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही की वासाने कळत नाही.

प्रश्न : आम्ही जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची वापरता येत नाही. घरात असे काही करता येईल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : शिजवणे आणि धूर देणे ही दोन कामे वेगळी करा. सारखी आच तर ओव्हनमध्ये ड्रमपेक्षा सहज मिळते. मीठ-मिरी लावलेला खांदा झाकलेल्या भांड्यात 120 अंशांवर चार ते पाच तास ठेवा आणि शेवटची वीस मिनिटे झाकण काढून आच 200 अंशांपर्यंत वाढवा. नंतर धुंगार द्यावा. भांड्यात मटणाशेजारी स्टीलची वाटी, तीत लालबुंद निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप आणि लगेच घट्ट झाकण. सात-आठ मिनिटे पुरेत. अधिक वेळ ठेवल्यास जळक्या तुपाचा वास चढतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि वाटीतला निखारा लगेच पाण्यात विझवा. उरलेले मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा, कारण एवढ्या धुराने ते टिकाऊ होत नाही.