तोरणमाळ, १२५ सीसी आणि डबल सीट: चढाचं सोडा, उताराचं बघा

भुसावळहून सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ, गाडी साधी १२५ सीसी, मागे बायको, ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी पहाटे निघून रात्री घरी. शिवाय मित्र त्याची ३५० ची बुलेट द्यायला तयार आहे, ती न्यावी का? एवढं तुम्ही विचारलंय, आणि आतापर्यंतची सगळी उत्तरं "गाडी चढेल का" यावरच अडकली आहेत. चढेल हो. सातपुड्यात माणसं शंभर सीसीवर तिघं बसून, वर धान्याचं पोतं घेऊन जातात. (तसं बसा असं म्हणत नाही.) सातपायरी घाटात दुसरा गिअर लागेल, एखाद्या वळणावर पहिला. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं तर मात्र धडधडेल आणि तापेल.

खरा प्रश्न परत येतानाचा आहे आणि तो कुणी विचारत नाही. शहादा तापीच्या खोऱ्यात, तोरणमाळ साधारण अकराशे मीटरवर. म्हणजे दोन माणसं, गाडी आणि बॅग मिळून अडीचशे किलोच्या वरचं ओझं हजारेक मीटर खाली आणायचं. ते कशाने तरी धरून ठेवायला हवं, इंजिनने नाहीतर ब्रेकने. आणि आपल्याकडची सवय काय? उतार लागला की गाडी न्यूट्रल. काही बहाद्दर तर चावीच फिरवतात. पेट्रोल वाचतं म्हणे! कार्बोरेटरच्या जमान्यात थोडंफार वाचतही असेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या जवळपास सगळ्या इंजेक्शनवाल्या आहेत. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की त्यातल्या बहुतेकींचा इंजेक्टर पेट्रोल देणंच थांबवतो, इंजिनाला चाक फिरवत असतं. न्यूट्रल केलं की तेच इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. वाचत काही नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

१२५ ला मागे बहुधा ड्रम ब्रेक असतो. त्याच्या आत घासणारे लायनर तापले की पकड सोडतात, पाय दाबतच राहतो आणि गाडी पळतच राहते. पुढे डिस्क असेल तर तिची तऱ्हा वेगळी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुनं झालं की लवकर उकळतं. आत वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर मऊ लागायला लागतो आणि हँडलपर्यंत येतो. तुमच्या गाडीला सीबीएस (जोडब्रेक) असेल, त्यात मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. म्हणून पायाखाली पेडल धरून उतरणाऱ्याचे दोन्ही ब्रेक एकदम तापतात.

तेव्हा उतरताना दुसरा गिअर, फार तर तिसरा. ज्या गिअरमध्ये तो टप्पा चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुना नियम अजून चालतो. क्लच दाबून वळणात शिरू नका, क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झालं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक मिळून नीट दाबा, वेग हवा तेवढा करा आणि सोडून द्या. वळणात नजर पुढच्या चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे ठेवा, गाडी आपोआप तिकडे जाते. मध्ये कुठे सपाट जागा दिसली की थांबा. जळका वास आला तर वीसेक मिनिटं फोटो काढा, पाणी प्या. ते पाणी ड्रमवर मात्र ओतू नका आणि हात लावून तापलाय का बघूही नका. खाली एका उत्तरात कुणीतरी स्कूटर सुचवली आहे. तिथे गिअर आपल्या हातात नसतो, त्यामुळे या घाटाला मी स्कूटर डबल सीट नेणार नाही.

बुलेटचं सांगायचं तर, ती जवळपास दोनशे किलोची. चढाला मस्त, वाद नाही. पण उतारावरच्या खडीत उभी करणं, मागे वहिनी बसलेल्या असताना अरुंद जागेत वळवणं, हे रोजच्या हाताशिवाय जमत नाही. ब्रेक किती दाबला की किती थांबते याचा अंदाज परक्या गाडीवर यायला वेळ लागतो आणि तो घाटात मिळत नाही. आपलीच न्या.

ऑगस्ट मात्र टाळा. तेव्हा तोरणमाळ देखणं असतं हे खरं, सीताखाईचा धबधबा जोरात असतो. पण घाटात ढग उतरला की दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी हायबीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, लोबीमच बरा. त्यात दरडी. आपल्याच भागात ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता, धडगावकडचा चांदसैली घाटही पावसाळ्यात असाच अडतो. नवरात्रानंतर निघा. झाडोरा हिरवा असतो, यशवंत तलाव भरलेला, हवा धुतलेली. सीताफळंही त्याच दिवसांत. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा असते, दर्शनाला जायचं असेल तर एसटीने जा, गाडी चालवायची मजा त्या गर्दीत नाही.

आणि एका दिवसात नको. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने यावल, अडावद, चोपडा, शिरपूर करत शहादा, पुढे म्हसावद, राणीपूर, मग घाट. एका बाजूचंच दोनशे किलोमीटरच्या वर होतं आणि रस्त्याची तब्येत तालुक्यागणिक बदलते. त्याच दिवशी परतायचं तर घाट घाईत उतराल आणि शिरपूर-चोपडा अंधारात कराल. ऑक्टोबर सरला की या पट्ट्यात उसाच्या जोडट्रॉल्या सुरू होतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. काळोखात ती ट्रॉली म्हणजे रस्त्यात उभी केलेली काळी भिंत, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. यावल-चोपड्याकडे केळीचे ट्रक वेगळेच. म्हणून वर मुक्काम करा. एमटीडीसीची सोय आहे, शनिवार-रविवार असेल तर आधी बुकिंग करूनच निघा.

या रस्त्याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. सकाळी तुम्ही पश्चिमेकडे चाललेले असता, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पूर्वेकडे. दोन्ही वेळा ऊन पाठीवर, डोळ्यांत नाही. फक्त समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ते असतं आणि तुम्ही त्याला दिसत नसता हे ध्यानात ठेवून ओव्हरटेक करा. डाव्या हाताला केळी नाहीतर कापूस, उजव्या हाताला सातपुड्याची निळी रांग (जाताना, येताना उलट), हा पट्टा मला घाटाइतकाच आवडतो. अनेर ओलांडली की शिरपूरची हद्द, शिरपूरला मुंबई-आग्रा महामार्ग. तो ओलांडताना सिग्नल नसल्यासारखंच वागा, म्हणजे दोन्हीकडे बघून.

शहाद्यात टाकी फुल्ल करा, पाणी घ्या, रोख पैसे ठेवा. घाटात मोबाईलला रेंज येते-जाते, त्यामुळे घरी फोन इथूनच करा. जेवायचं म्हणाल तर येताना शहाद्यात शेवभाजी-भाकर, जाताना हलकंच खा. भरल्या पोटी मागे बसणाऱ्याला वळणं सोसत नाहीत.

घाटात एसटी समोर आली तर अर्धवट वळणात घुसू नका. तिचं तोंड बाहेरून फिरतं आणि मागचं चाक वळणाच्या आतल्या कडेला चाटून जातं, नेमकं जिथे आपण दबून उभे राहतो तिथे. वळणाच्या अलीकडे थांबा, हॉर्न द्या, ती पूर्ण निघाली की मग जा. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, रस्त्याचा नियमच आहे. वळणाच्या आत खडी आणि मुरूम साचलेला असतो, तिथे पुढचा ब्रेक नको. शेळ्या, गुरं, आश्रमशाळेची पोरं कुठल्याही वळणापलीकडे असू शकतात. आणि वस्तीवर फोटो काढायचाच असेल तर आधी विचारा, तो त्यांचा रोजचा रस्ता आहे.

वहिनींसाठी: हेल्मेट त्यांनाही, आयएसआयचं, आणि पट्टा लावून. कायद्यानेही मागच्याला ते लागतंच. एका बाजूला पाय टाकून बसणं घाटात नको. ड्रेस घालायला सांगा, ओढणी बांधून जॅकेटच्या आत, ती मागच्या चाकात गेली तर सांगायला नको. वळण ज्या बाजूला त्या बाजूच्या तुमच्या खांद्यावरून त्यांनी पुढे बघायचं, मुद्दाम झुकायचं नाही. एवढ्यानेच गाडी हलकी वाटते. मागच्या चाकात डबल सीटची हवा वेगळी लागते, आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका.

वर गेल्यावर कुणी पलीकडच्या सिंदीदिगर गावाकडे उतरायचा मोह घालेल. या वेळी नको, तो उतार एकट्याने आणि हात बसल्यावर करायचा.

निघण्याच्या आठवडाभर आधी मेकॅनिककडून मागचं चाक उघडून लायनर बघून घ्या, ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर बदला, चेन ताणून तेल द्या. चाक न उघडताच "आहेत अजून लायनर" असं तो म्हणाला, तर दुसऱ्याकडे जा.