सोलापूरहून जर्मनीला मास्टर्ससाठी जायचंय, पहिलाच विमानप्रवास आहे. मार्ग मुंबई, फ्रँकफर्ट, ड्रेस्डेन, आणि सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. कुकर न्यावा का, किती किलो चालतं, लोणचं काढून घेतात का? तयारी कुठून सुरू करू?

तुमच्या प्रश्नात सगळा भर सामानावर आहे : कुकर न्यावा का, किती किलो चालतं, लोणचं काढून घेतात का. त्याबद्दल खाली लिहिलंच आहे. पण विमानतळावरून घरी परतावं लागलेली मुलं कुकरमुळे अडकत नाहीत, तारखा आणि नावं जुळत नाहीत म्हणून अडकतात. मुंबई, फ्रँकफर्ट, ड्रेस्डेन असा मार्ग आणि ऑक्टोबरात सत्राची सुरुवात असं तुम्ही लिहिलंय, तर तोच हिशेब धरून सांगतो.

एका कागदावर पाच तारखा लिहा. व्हिसा सुरू होण्याची, विमानाची, आरोग्यविम्याची, खोलीची किल्ली मिळण्याची आणि विद्यापीठात प्रत्यक्ष नोंदणी करण्याची. तिकीट काढण्याआधी या पाची तारखा एकमेकींशी ताडून पाहा.

पासपोर्ट व्हिसा लागून परत आला की स्टिकर लगेच, पाकीट फोडल्या जागीच वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत वैध, आणि प्रवेश एकदा की अनेकदा. तारीख दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने छापलेली असते. ‘पासून’च्या तारखेआधी एक दिवसही जर्मनीत उतरता येत नाही. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दोन दिवस अलीकडचं काढलं, तर मुंबईच्या काउंटरवरच बोर्डिंग पास नाकारतात. कर्मचाऱ्यांशी वाद घालून उपयोग नसतो. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावंही लागतं.

विमानाच्या तारखेत आणखी एक खाच आहे. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर २९ तारीख आणि ००:५० अशी वेळ असेल, तर २८ च्या संध्याकाळी विमानतळावर पोहोचायचं. २९ ला रात्री निघायचं समजून बसलेल्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना ‘२८ ला रात्री निघायचं’ असंच सांगा. सोलापूरहून गाडीने येणार असाल तर सप्टेंबरचा पाऊस आणि द्रुतगती मार्गावरची कोंडी धरा. शक्य असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करा. आणि विमानतळ कोणता ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर अंधेरीजवळचा जुना, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबईचा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका.

विम्याचं बरेच जण चुकवतात. तिथला विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्यविमा साधारणपणे सत्रासोबत सुरू होतो. विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला, तर बहुतेक उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत, म्हणजे ‘होखशूल’मध्ये, १ सप्टेंबरला सुरू होतं. तुम्ही २९ सप्टेंबरला उतरलात तर मधल्या दिवसांसाठी प्रवासी आरोग्यविमा हवा, किमान ३०,००० युरोंचा. व्हिसासाठी काढलेला विमा प्रवासाची तारीख बदलल्यावर तसाच राहतो, हे लक्षात ठेवा. तिकीट पुढे-मागे केलं तर त्याच दिवशी विम्याचीही तारीख बदलून घ्या.

किल्लीचं असं आहे की वसतिगृहाची किल्ली इमारतीच्या देखभाल करणाऱ्याकडून, ‘हाउसमाइस्टर’कडून घ्यायची असते आणि तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळीच भेटतो. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, साधं दूध-ब्रेडही सहसा मोठ्या स्टेशनवरच मिळतं. ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुटी. म्हणून माझा आग्रह आहे की सोमवार ते बुधवार यांपैकी एका सकाळी उतरा, आणि किती वाजता किल्ली मिळेल ते ईमेलवर लेखी घ्या. करार १ तारखेपासून असेल तर आधीच्या रात्रींसाठी हॉस्टेलचं आरक्षण करून ठेवा.

आता नावाचा घोळ, जो आपल्याकडे फार होतो. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर मात्र आडनाव आधी. तिकीट, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, विद्यापीठाचा अर्ज, खोलीचा करार, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहा. तिकिटावर तुमचं आणि वडिलांचं नाव एकत्र जोडून, शेवटी ‘मिस्टर’ चिकटवून छापलं गेलं तर घाबरू नका, विमान कंपन्यांची पद्धतच तशी आहे. पण वडिलांचं नाव गाळलं किंवा आडनाव पहिल्या रकान्यात गेलं तर तिकीट काढल्याच्या दिवशीच दुरुस्ती मागा. जितका उशीर, तितकं ते महाग पडतं.

तिकीट एकाच आरक्षणात, एकाच पीएनआरवर, म्हणजे आरक्षण क्रमांकावर घ्या. मुंबई ते फ्रँकफर्ट एक तिकीट आणि पुढचं दुसरं, असं केलं तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढच्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि बॅगाही फ्रँकफर्टला काढून पुन्हा द्याव्या लागतात. मध्ये किमान तीन तास ठेवा. कागदावर याहून कमी वेळ चालतो, पण फ्रँकफर्टला पासपोर्टची रांग आणि पुन्हा सुरक्षा तपासणी असते. पुढे रेल्वेने जायचं ठरवलं तर स्वस्त ‘श्पारप्राइस’ तिकीट त्या एका गाडीलाच बांधलेलं असतं. वेगळं काढलेलं असेल तर विमान उशिरा आल्यावर ते वाया जातं. त्या दिवशी एका गाडीला न बांधलेल्या ‘फ्लेक्सप्राइस’ तिकिटाचे जास्तीचे पैसे देणं परवडतं.

पैशांची सोय करताना एक गोष्ट गृहीत धरा : ब्लॉक्ड अकाउंटमधले ११,९०४ युरो पहिल्या दिवशी तुमच्या हातात नसतात. महिन्याला ९९२ युरो मिळतात, तेही तिथे चालू खातं उघडून ते जोडल्यावर. त्यात कधी दोन आठवडे जातात, कधी चार. तोवर खोलीची अनामत, पहिलं भाडं, विद्यापीठाचं सत्रशुल्क आणि खाणंपिणं येतंच. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी असू शकते. म्हणून फॉरेक्स कार्डावर अंदाजे १,५०० ते २,५०० युरो, तुमच्या करारातल्या अनामतीनुसार, आणि रोख २०० ते ३०० युरो, तेही ५, १०, २०, ५० च्या नोटांत. १०० च्या पुढची नोट बऱ्याच दुकानांत घेत नाहीत. शिवाय भारतीय डेबिट कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून इथूनच चालू करून घ्या, तो सहसा बंद असतो.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करा, वैधता टिकवण्यापुरता रिचार्ज घरच्यांनी करत राहायचा, आणि बँकेत ईमेलही नोंदवून ठेवा. फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर भारतीय सिम तसंच ठेवून जर्मन ई-सिम घेणं सगळ्यात सोपं.

हातातल्या बॅगेत कागद. पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, विमा, खोलीचा करार किंवा हॉस्टेलचं आरक्षण, एपीएसचं (भारतीय पदव्या तपासणाऱ्या जर्मन दूतावासाच्या केंद्राचं) प्रमाणपत्र, पदवी आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती. सीमेवरचा अधिकारी यांतलं काहीही मागू शकतो, म्हणून हे मोठ्या बॅगेत कधीच टाकायचं नाही. सगळ्याच्या पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा. नुसत्या क्लाउडवर ठेवल्या तर नेट नसताना उघडत नाहीत. इंटर्नशिपला जाणाऱ्यांनी यात कंपनीचा करार आणि असल्यास तिथल्या रोजगार विभागाची संमतीही ठेवावी.

लॅपटॉप आणि पॉवर बँकही हातातच. पॉवर बँक मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला तुम्हाला बोलावतात किंवा ती बॅग मागेच राहते. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांच्या आसपास भरते, म्हणजे चालते. पण तिच्यावर आकडा छापलेला असावा. पुसट झालेली, बिनछापाची काढून घेतात. द्रव पदार्थ १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत, सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. लोणचं, चटणी, तेल यांना हातातल्या बॅगेत जागा नाही.

औषधं जास्तीत जास्त तीन महिने पुरतील एवढी, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि तीत औषधाचं मूळ रासायनिक नाव. आपल्याकडची व्यापारी नावं तिथे कोणी ओळखत नाही. कोडीन, मिथाइलफेनिडेट किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर निघण्याआधी नियम तपासून डॉक्टरांचं वेगळं प्रमाणपत्र घ्या. दातांचं काम आणि चष्म्याची दुसरी जोडी मात्र इथूनच करून निघा, तिथे दोन्ही महाग पडतं.

आता कुकर. तीन लिटरचा, मोठ्या बॅगेत, शिटी आणि रिंग काढून. आत मसाल्याची पाकिटं कोंबू नका, क्ष-किरणात तो गच्च काळा गोळा दिसतो आणि बॅग उघडली जाते. खोलीत इंडक्शनची शेगडी असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, बुडाला चुंबक चिकटेल असाच घ्या. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. आपली जाड तीन पिनांची खुंटी तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. एक चांगला अ‍ॅडाप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड नेला की लॅपटॉप-फोनचं सगळं भागतं. त्या बोर्डावर किटली किंवा इस्त्री लावू नका.

खाण्याच्या पदार्थांत दूध आणि मांस युरोपीय संघाबाहेरून न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, घरचं तूप, सुका बोंबील सोडून इतर सुकं मांस, हे सगळं सीमाशुल्कात जप्त होतं, कधी दंडही होतो. (मासळीला वेगळे नियम आहेत, पण बोंबलाचा वास अख्ख्या मजल्यावर पसरतो, हेही बघा.) आईने प्रेमाने दिलेलं तूप तिथे कचऱ्यात जाणं फार जीवावर येतं, म्हणून आधीच समजावून सांगा, तिथे ‘बुटरश्माल्झ’ नावाने तूप कुठल्याही दुकानात मिळतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईलाच अडतात. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून सामानात मनाई आहे. चकली, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी बिनघोर न्या. डाळ-तांदूळ तिथे मिळतात, त्यात वजन घालवू नका.

वजन तिकिटावर लिहिलेलं असतं, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. साधारण २३ किलोची एक बॅग आणि हातात ८ किलो, पण काही स्वस्त तिकिटांत मोठी बॅग धरलेलीच नसते. विद्यार्थी सवलतीत कधी दोन मिळतात. रिकामी बॅगच चार किलोंची असते, म्हणून हुकाचा काटा घेऊन घरी तोला आणि एक किलो कमीच भरा. थंडीचा जाडजूड कोट तिथेच घ्या. इथून थर्मल आणि एक बऱ्यापैकी जॅकेट पुरे.

मुंबईला चार तास आधी पोहोचा. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा देशांतर्गत प्रवासासाठी आहे, तुम्ही पासपोर्ट आणि तिकीट दाखवूनच आत जायचं. काउंटरवर बॅगेला लागलेल्या पट्टीवर ड्रेस्डेनचा संकेत ‘डीआरएस’ आहे ना ते वाचा आणि पावतीचा फोटो काढा.

फ्रँकफर्टला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी तिथेच होते, कारण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, पहिला पाय तिथे पडतो. ‘सर्व पासपोर्ट’च्या रांगेत उभं राहायचं. तुमचा व्हिसा दीर्घ मुदतीचा असल्याने सीमेवर ये-जा नोंदवणाऱ्या नव्या ईईएस प्रणालीची बोटांची नोंद तुम्हाला लागू नाही. यंत्राकडे पाठवलं तर व्हिसा दाखवा. काय शिकणार, कुठे राहणार, एवढंच बहुधा विचारतात. मुंबईच्या विमानात भरलेली पाण्याची बाटली पुढच्या सुरक्षा तपासणीआधी रिकामी करा.

ड्रेस्डेनला पट्ट्यावर बॅग आली नाही तर बाहेर पडू नका. तिथल्याच सामान-तक्रार काउंटरवर पावती दाखवून लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. पत्ता म्हणून खोलीचा पूर्ण पत्ता द्या, आणि पत्रपेटीवर तुमचं नाव अजून लागलं नसेल तर फोन नंबरही. बॅग फुटून आली असेल तर सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. म्हणूनच हातातल्या बॅगेत एक दिवसाचे कपडे, दाताचा ब्रश आणि चार्जर असू द्या.