अहवालातला 'फॅसेट ट्रोपिझम' आणि मानेची सरकलेली चकती

आपला प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, दोन महिने डाव्या अंगठ्याला मुंग्या येतात, एमआरआयच्या अहवालात सी५-सी६ या (मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधल्या) पातळीवर चकती डावीकडे बाहेर आल्याचे आणि तिथेच 'फॅसेट ट्रोपिझम', म्हणजे मणक्यांमागच्या डाव्या-उजव्या सांध्यांचे कोन असमान, असल्याचे लिहिले आहे; तर सांध्यांतला हा जन्मजात फरकच चकती सरकण्याचे कारण आहे का, आणि मान 'बसवून' घेतली तर तो जाईल का?

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि असे अहवाल रोज लिहिते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात संदेहाला जागा नाही. सांध्याचा कोन हा हाडाचा घडलेला आकार आहे, जागेवरून हललेली वस्तू नव्हे, त्यामुळे तो कोणाच्याही हाताने बसत नाही. शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या साधारणपणे सी६ पासून वर मणक्यांच्याच छिद्रांतून जातात. मानेला झटका दिल्याने त्यांच्या भिंतीला चीर पडल्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी नोंदलेल्या आहेत. मज्जातंतू आधीच दबलेला असण्याची शक्यता असताना हा धोका कृपया पत्करू नका.

आता पहिला प्रश्न. लागोपाठच्या दोन मणक्यांमध्ये पुढे चकती असते आणि मागे डावा व उजवा असे दोन छोटे फॅसेट सांधे असतात. मानेत त्यांचे पृष्ठभाग आडव्या पातळीशी साधारण ४५ अंशांचा कोन करतात, म्हणून मान वाकवताना वरचा मणका खालच्यावरून पुढे घसरतो. दोन्ही बाजूंचे कोन वेगळे असणे म्हणजे ट्रोपिझम. एकाच दाराच्या दोन बिजागऱ्या वेगवेगळ्या कोनात ठोकल्या तर दार उघडते, पण प्रत्येक वेळी किंचित पीळ घेऊन उघडते. तसेच इथे सरळ वाकण्याच्या हालचालीतही थोडे वळणे मिसळते आणि तो पीळ चकतीच्या तंतूंना सोसावा लागतो. मानेच्या चकतीचे बाह्य कडे कमरेच्या चकतीसारखे सर्व बाजूंनी भक्कम नसते. ते पुढे जाड चंद्रकोरीसारखे आणि मागे पातळ असते. त्यातच सी५-सी६ ही वाकण्याची हालचाल सर्वाधिक होणाऱ्या पातळ्यांपैकी एक. संगणकावर मानेचे प्रतिमान तयार करून केलेल्या अभ्यासांतही असमान सांध्यांमुळे चकतीवरचा आणि सांध्यांवरचा ताण वाढलेला दिसला आहे. संबंधाची कल्पना म्हणूनच निराधार नाही.

तरीही 'संबंध आहे' यावरून 'हेच कारण आहे' असे म्हणता येत नाही. ही कल्पना मुळात कमरेच्या अभ्यासातून पुढे आली. फारफान आणि सलिव्हन यांनी १९६७ मध्ये सांध्यांची असमानता आणि कमरेच्या चकतीची हानी यांची सांगड घातली, पण नंतरच्या संशोधकांपैकी काहींना ती आढळली आणि काहींना आढळली नाही. शिवाय कमरेचे सांधे जवळजवळ उभे असतात आणि मुख्यतः वळणे रोखतात, तर मानेचे तिरपे असून वळू देतात, त्यामुळे तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते: चकतीची उंची कमी झाली की भार मागच्या सांध्यांवर जातो आणि वर्षानुवर्षे तो सोसताना त्यांचा आकारही बदलतो, म्हणून एकाच वेळी काढलेल्या चित्रावरून आधी काय घडले हे ठरवता येत नाही. (आपल्याकडे 'मणक्यात गॅप आला' म्हणतात, पण प्रत्यक्षात दोन मणक्यांमधले अंतर वाढलेले नसून कमी झालेले असते.)

मोजमापाचाही प्रश्न आहेच. किती अंशांच्या फरकाला ट्रोपिझम म्हणावे यावर एकमत नाही, हाडाच्या कडा एमआरआयपेक्षा सीटीमध्ये स्पष्ट दिसतात, आणि तपासणीच्या वेळी मान जराशी वळलेली असली तरी खोटा फरक दिसू शकतो. थोडा फरक तर बहुतेकांच्या मानेत असतोच. म्हणून मी स्वतः हा शब्द अंश मोजल्याशिवाय लिहीत नाही.

चकतीच्या झिजेत वयाचा आणि अनुवंशाचा वाटा बराच मोठा आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासात मानेच्या झिजेतील फरकांपैकी सुमारे ७३ टक्के भाग अनुवांशिक असल्याचा अंदाज निघाला. जपानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कोणताही त्रास नसलेल्या १,२११ जणांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेत किमान एक चकती फुगलेली होती. म्हणूनच चित्रापेक्षा त्रासाशी जुळणी महत्त्वाची. आपल्या बाबतीत ती जुळते, कारण सी५-सी६ पातळीवरून बाहेर पडणारा सहावा मज्जातंतू अंगठ्याकडे जातो. मात्र ही जुळणी चकतीशी आहे, ट्रोपिझमशी नाही, आणि उपचारही चकतीचे व मज्जातंतूचेच करायचे आहेत. अशा बहुतेक रुग्णांना औषधे आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालचे व्यायाम यांनी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. आपल्याला दोन महिने झालेच आहेत, तेव्हा मूळ चित्रे घेऊन मणक्याच्या तज्ज्ञांकडून हाताची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासून घ्या. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, हाताची ताकद कमी होत चालली किंवा लघवीवरचे नियंत्रण बिघडले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.