चिठ्ठीवरचा ‘डर्म’

भाऊ, पऱ्हाटीतले निंदण करून आल्यावर आपल्या आईंच्या हाताला व मानेला खाज सुटली, त्यांच्या चिठ्ठीवर ‘डर्मटायटिस’ आले आणि शेजारच्या मुलाच्या चिठ्ठीवर ‘डर्मॅटोफायटोसिस’. तेव्हा नावे सारखीच असल्याने एकाचे मलम दुसऱ्याला चालेल काय, असे आपण विचारले आहे. चालणार नाही, आणि त्याचे कारण त्या शब्दांतच आहे.

‘डर्मा’ म्हणजे ग्रीक भाषेत कातडे. त्यामागचा धातू सोलण्याचा. संस्कृतातील ‘दृ’, म्हणजे फाडणे, हा त्याचाच भाऊबंद असून आपले ‘विदारण’ आणि ‘विदीर्ण’ त्यातूनच आले. कातड्याच्या पखालीलाही संस्कृतात ‘दृति’ म्हणत. ‘एपिडर्मिस’ म्हणजे वरची त्वचा, ‘हायपोडर्मिक’ सुई कातडीखाली जाणारी, आणि ‘पॅकिडर्म’ म्हणजे हत्ती-गेंड्यासारखा जाड कातडीचा प्राणी. (शाळेत ‘एकायनोडर्माटा’ घोकून घेताना ‘काटेरी कातडीचे’ एवढे जरी कुणी सांगितले असते, तरी आमचे चार छड्यांचे मार वाचले असते.)

रोगाच्या नावात मात्र शेपूट पाहावे. ‘आयटिस’ म्हणजे दाह. तो कशाने झाला, हे ‘डर्मटायटिस’ हा शब्द सांगत नाही. धुऱ्यावरच्या गाजर गवताने अंगावर चट्टे उठले काय किंवा बिबा उतला काय, दोन्हीला हेच नाव लागते. ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती. बुरशीची गणना पूर्वी वनस्पतींत होत असल्याने कातडीवर वाढणाऱ्या बुरशीला ‘डर्मॅटोफाइट’ म्हटले गेले आणि ते नाव तसेच राहिले. त्या बुरशीची लागण म्हणजेच आपले गजकर्ण.

दाहावर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचे मलम देतात. तेच गजकर्णावर चोळले, तर पहिले काही दिवस खाज थांबते, मधोमध निवळलेल्या त्या चकंदळाची लाल, उठावदार कड पुसट होते आणि घरचे निश्चिंत होतात. आत बुरशी मात्र पसरत राहते, आणि पुढे तपासणाऱ्या डॉक्टरलाही ती ओळखणे कठीण जाते.

आईंना पुन्हा दाखवायला नेताना त्यांनी कोणते तण उपटले होते, ते डॉक्टरांना सांगा. गाजर गवत असेल, तर त्याचे वाळलेले कण वाऱ्याने उडून मानेवर व पापण्यांवर बसतात, म्हणून नुसते हातमोजे घालून भागत नाही.