तुळई म्हणजे नेमकं काय? तराजूच्या तुळेशी तिचं नातं आहे का?

तुमच्या आजोबांच्या वाटणीपत्रात 'चार तुळयांची माडी' असं लिहिलंय आणि त्यातली तुळई म्हणजे काय, तिचा तराजूशी काही संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. संबंध आहे, आणि अगदी सख्खा आहे.

तुळई म्हणजे माडीच्या जमिनीचा भार घेणारं आडवं, जाड लाकूड. आमचं चोपडा तालुक्यातलं घर धाब्याचं. खालच्या ओसरीत वर पाहिलं की सातपुड्यातल्या सागाच्या तुळया दिसायच्या, एक टोक भिंतीत, दुसरं खांबावर. तुळयांवर आडव्या बारीक कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती. कड्या आणि फळ्या मिळून जे होतं ते कडीपाट. उन्हाळ्याच्या दुपारी पडल्या पडल्या मी तुळया मोजायचो, म्हणून हा शब्द माझ्या फार जवळचा आहे.

आता मूळ. संस्कृतात 'तुल्' या धातूचा अर्थ उचलणं, वजन करणं. त्यावरून 'तुला'. तुला म्हणजे तराजू हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण घराच्या आडव्या लाकडालाही तुलाच म्हणत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे ६व्या शतकात, घरबांधणीच्या संदर्भात हा शब्द त्या अर्थाने आलाय. मराठीत येताना फलाचं फळ झालं तसा तुलेतल्या 'ल'चा 'ळ' झाला. राशीची तूळ तीच, घराची तुळई तिचीच. आमची आजी तर 'तुयई' म्हणायची, कारण अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो तसा.

आणि मराठीतलं 'तोलणं' बघा. धान्य तोलतात, तसा खांब-तुळया घराचा भार तोलून धरतात. दोन्ही अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यात शाबूत आहेत.

तुळईला वासा मात्र म्हणू नका. वासा उतरत्या छपराचा, आणि त्याचं मूळ 'वंश' म्हणजे बांबू. खाल्ल्या घरचे वासे मोजतात, तुळया नाही.

वाटणीपत्राचं म्हणाल तर दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि जुनी घरं खणांनीच मोजली जात. माडीच्या दोन्ही टोकांना भिंत असेल, तर चार तुळयांचे पाच खण होतात. पत्रात पुढे खणांचा आकडा दिलेला असेल, तर तो याच्याशी ताडून पाहा.