पळसपापडीने शेळ्यांचे जंत पडतील का?

प्रश्न : माझ्याकडे उस्मानाबादी जातीच्या तीसेक शेळ्या आहेत. पावसाळ्यात दोनदा जंतनाशक पाजूनही करडे खंगत आहेत आणि दोन शेळ्यांच्या जबड्याखाली सूज आली आहे. गावातील जाणकार मंडळी पळसपापडी (पळसाच्या बिया) व वावडिंगाचा काढा सुचवतात. दुकानातले औषध बंद करून काढ्यावर भागेल का?
– एक शेळीपालक, जि. धाराशिव

उत्तर : सूज आलेल्या शेळ्यांकडे आधी पाहा, काढ्याचा विचार नंतर करा. त्यांच्या खालच्या पापण्या उलटून पाहिल्यास त्या लाल न दिसता पांढुरक्या दिसल्या, तर हिमोंकस या रक्तपित्या गोलकृमीचा दाट संशय घ्यावा. हा कृमी पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असून रक्ताने भरलेले तिचे लाल आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती पीळ घातल्यासारखे दिसतात. एक कृमी दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त घालवतो, म्हणजे हजार कृमी असतील तर रोज 50 मिली. अशा जनावरावर काढ्याचा प्रयोग करू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे.

पळस आणि वावडिंग यांचा जंतांवरील उपयोग मात्र निराधार नाही. पळसाच्या बियांत पॅलासोनिन आणि वावडिंगाच्या फळांत एम्बेलिन ही कृमिनाशक द्रव्ये आहेत. अडचण पुढे आहे. प्रयोगशाळेत कृमी थेट अर्कात बुडवून ठेवतात; शेळीच्या पोटात तोच अर्क कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील) कित्येक लिटर द्रवात मिसळतो, तेथील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात आणि चौथ्या कप्प्यापर्यंत त्यातले थोडेच पोहोचते. त्यामुळे काचेच्या बशीत मेलेला कृमी शेळीच्या पोटातही मरेलच, असे मानता येत नाही. शिवाय एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून वावडिंग कितीही उकळले तरी काढ्यात ते फारसे उतरत नाही. (आपल्याकडे वावडिंगाचे चूर्ण देण्याची रीत आहे, ती या दृष्टीने अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.) बियांतील द्रव्याचे प्रमाणही झाडागणिक आणि हंगामागणिक बदलते. पॅलासोनिनची रासायनिक जातकुळी कँथारिडिन या विषाशी जुळणारी असल्याने ‘झाडपाला आहे, चार बिया जास्त पडल्या तर काय होते’ हा हिशेब येथे चालणार नाही. गाभण शेळ्यांना तर या दोन्ही वस्तू देऊच नयेत.

दोनदा पाजूनही गुण का आला नाही, हे शोधणे अधिक महत्त्वाचे आहे. मात्रा अंदाजाने दिली असेल, वर्षानुवर्षे एकाच गटातील औषध वापरल्याने कृमी त्याला दाद देत नसतील, किंवा त्याच ओल्या कुरणावर पुन्हा लागण होत असेल. दहा-पंधरा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या औषधापूर्वी आणि नंतर 10 ते 14 दिवसांनी तपासून घ्या. लेंड्यांतील कृमींच्या अंड्यांची संख्या 95 टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात घटली, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषधाचा गट बदला. काढा द्यायचाच असेल, तर तो पशुवैद्यकांना विचारून धडधाकट, गाभण नसलेल्या चार-पाच शेळ्यांना द्या आणि त्याचीही परीक्षा याच मोजणीने करा. लेंड्या जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून घ्याव्यात, पिशवीवर शेळीचा बिल्ला क्रमांक लिहावा आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा, कारण उन्हात राहिलेल्या लेंड्यांतील अंडी फुटतात आणि मोजणी चुकते.